पिंजऱ्यातल्या मोहऱ्या

१

पंत गेले ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. फराळाच्या बशा अजून धुवायच्या होत्या, आणि बाहेर सगळं कोलकाता कालीपूजेचे फटाके उडवत होतं.

पंत म्हणजे दाबिरांचा पोपट. आफ्रिकेतल्या जातीचा, अंगानं करडा, शेपटी मात्र लालभडक. मान तिरकी करून समोरच्याला असा जोखायचा की आपण पेन्शनच्या खिडकीशी उभे आहोत असं वाटावं, म्हणून प्राजक्तानं त्याला पंत म्हणायला सुरुवात केली. प्राजक्ता ही सलील दाबिराची बायको. सलील रेल्वेत अधिकारी, गार्डन रीचच्या कॉलनीत त्याचं क्वार्टर. घरात त्याची आई कालिंदीकाकू आणि मुलगी वैदेही. प्राजक्ता दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली.

आणि गेली असं म्हणावं, तर घरात पाऊल टाकताच तिचाच आवाज यायचा. "आले हं!" दाराची कडी वाजली की पंत म्हणायचे. हुबेहूब प्राजक्ता, बाजाराच्या पिशव्यांनी दमलेली. सकाळी "वैदू, ऊठ गं", दुपारी "आई, चहा टाकू?" तिचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण व्हिडिओत ती कॅमेऱ्यासाठी बोलते. घरातली प्राजक्ता उरली होती ती त्या पिंजऱ्यात.

पाडव्याच्या सकाळी वैदेहीचा फोन आला. "सुधामावशी, पंतांना कोणीतरी मारलं. आणि मला माहितीये कोणी."

मी सुधा राजवाडे. राहते डमडमला. उभी हयात विमा कंपनीत गेली, त्यातली निम्मी मेलेल्या गाईम्हशींच्या दाव्यांवर. मेलेलं जनावर कधी खोटं बोलत नाही, त्याच्या भोवतीची माणसं बोलतात, एवढं मी त्या नोकरीत शिकले. पोपटाच्या मरणाची चौकशी करायला म्हातारीनं शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जावं का? लोक हसतील. हसू देत. प्राजक्ता माझ्याकडे हक्कानं माहेरपणाला यायची. मी मेट्रो धरली.

वैदेहीनं दार उघडलं. कडी वाजली, आणि आतून काहीच आवाज आला नाही. आम्ही दोघी उंबऱ्यातच थबकलो.

"अनुजानं मारलं," वैदेही म्हणाली. "बाबा तिच्याशीच लग्न करणार असतील, तर मी उद्या पुण्याला मामाकडे जाते. भाऊबीजेला. अँड आय अॅम नॉट कमिंग बॅक."

२

अनुजा बँकेत आहे, बदलीवर कोलकात्याला आलेली. तुळशीचं लग्न झालं की सलील आणि ती रजिस्टर लग्न करणार होते. कालिंदीकाकूंनी स्वतःहून होकार दिला होता. वैदेहीनं होकार दिला नव्हता आणि नकारही. ती फक्त अनुजा आली की पिंजऱ्याजवळ जाऊन बसायची.

"तिनं बाबांना फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय, 'पंतांचं काहीतरी करायला हवं.' काल फराळाला पंधरा-वीस माणसं होती. पंत इतके मस्त बोलले! 'या, बसा' म्हणाले तर दोन काकू रडल्या. सगळे म्हणत होते, असा पक्षी बघितला नाही. मग मी आणि बाबा गेस्टना सोडायला खाली गेलो. आजी तिच्या खोलीत पडली होती. वर अनुजा एकटी. ती खाली आली, मग आम्ही थोडा वेळ फुलबाजे लावले. वर आलो, मी पिंजऱ्यावरची शाल काढली आणि..."

माझ्या पदरात तोंड खुपसून ती लहान पोरीसारखी रडली.

"पिंजरा कुठे होता?" मी जरा वेळानं विचारलं.

एरवी तो बाल्कनीशी असायचा. काल फटाक्यांच्या भीतीनं वैदेहीनं तो घराच्या पार आत, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला होता. सगळ्या खिडक्या लावल्या, बाल्कनीच्या दाराखाली टॉवेल कोंबले, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकातसुद्धा उशी दाबली. "आवाज आत यायलाच नको असं केलं होतं मी. आईनं केलं असतं तसं."

सलील सोफ्यावर बसून होता. त्याची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "फटाकेच असणार, सुधाताई," तो म्हणाला. "घाबरून हार्ट बंद पडलं असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पोरगी ऐकत नाही."

"मग हे काय आहे?" वैदेहीनं औषधाच्या गोळ्यांची एक जुनी डबी माझ्या हातात ठेवली. "यात आहे ते पिंजऱ्याच्या ट्रेमधे मिळालं. हे पंतांच्या खाण्यातलं नाही. हे पॉयझन आहे."

मी डबी उघडली. तळाशी काळे, बारीक, गोल दाणे होते. मी एक दाणा चिमटीत घेतला, दाताखाली फोडला. वैदेही किंचाळली.

मला काही झालं नाही. त्या मोहऱ्या होत्या.

३

मोहऱ्या पोपटाच्या पिंजऱ्यात कशाला येतील, हे मी तिथे मोठ्यानं विचारलं नाही. आधी डॉक्टर घोषालांना गाठलं. पंतांना पहिल्यापासून तेच बघायचे, आणि वैदेहीनं रात्रीच पंतांना त्यांच्याकडे नेलं होतं.

"पोटात विष नाही," ते म्हणाले. "हार्टही नाही. फुप्फुसं रक्तानं भरली होती. श्वासातून काहीतरी गेलं. मी मुलीला म्हटलं, विषारी हवा, तर तिनं 'विष' एवढंच ऐकायचं ठरवलं आणि फोन ठेवला."

"फटाक्यांचा धूर?"

"तसं असतं तर आज माझ्या दारात रांग लागली असती. नाही, घरातलंच काहीतरी. डासांचा फवारा, ताजा रंग, करपलेलं भांडं. पाखराची छाती फार नाजूक. आपल्याला शिंकसुद्धा येत नाही आणि ते जातं. मिसेस दाबिरांना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्या घरी असं काही होईल असं मला कधी वाटलं नव्हतं."

मिसेस दाबीर दोन वर्षांपूर्वी गेल्या हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीतच होतं. म्हणून तर ते खिडकीबाहेर बघत बसले.

वैदेहीच्या संशयात आणखी एक माणूस होता, पाखरं विकणारा निताई. पंत त्याच्याकडूनच घेतलेले. पंतांची नखं कापायला तो अधूनमधून यायचा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीही येऊन गेला होता. बोलका पक्षी परत द्या म्हणून बरेच दिवस मागे लागला होता. बागबाजारला त्याच्या घरी गेले तर जिन्यापासूनच पाखरांचा कलकलाट.

"मी का मारू, दीदी?" तो हिंदीत म्हणाला. "मला तो जिवंत हवा होता." यात तथ्य होतं. फवारा, रंग असलं काही त्यानं नेलं नव्हतं; नखं कापून, चहा पिऊन गेला होता. प्राजक्ताला तो बौदी, म्हणजे वहिनी म्हणायचा. मी उठले तसा तो मागून बोलला, "बौदीनं एकदा विचारलं होतं, हा आला कुठून. मी खरं सांगून टाकलं. जंगलातून धरलेला, खोक्यात कोंबून आणलेला. खोक्यात पुष्कळ होते. उघडलं तेव्हा हा एकटाच मान हलवत होता. बौदी त्या दिवशी जेवली नाही म्हणे. त्यानंतर माझ्याकडून तिनं साधी चिमणीसुद्धा घेतली नाही."

प्राजक्तानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. पण पंतांचं ती इतकं का करते, हे मला तेव्हा कळलं. एकाला आपण घरी आणलं, निदान तो तरी नीट जगावा, एवढंच तिला हवं होतं. आणि तोही जगला नाही.

तिथून मी सियालदहला गेले, अनुजाच्या बँकेत. ती मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी सलीलना सांगितलंय, लग्न नको. पोरीचं घर मोडून मला संसार करायचा नाही."

"शेवटी पिंजऱ्याजवळ तू होतीस."

"हो. तो घाबरला होता. मी शाल टाकली. प्राजक्ताचीच, काकूंनी दिली. आणि... हसू नका, मी त्याला म्हटलं, पंत, मी कुणाची जागा घ्यायला आलेली नाही. तो म्हणाला, 'आले हं.'" तिनं डोळे पुसले. "दर वेळी हेच. मी दार उघडलं की माझ्याआधी तीच घरात आलेली असायची. राग नाही यायचा हो. वाईट वाटायचं, तिचंच."

"'काहीतरी करायला हवं' म्हणाली होतीस."

"तो छातीवरची पिसं उपटत होता. एकटेपणानं करतात म्हणे. डॉक्टरला दाखवा, एवढंच म्हणत होते मी. कोणी पुरतं ऐकून तरी घेतलं का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, हे मला त्याच खुर्चीवर बसून पटलं. पण मग चोर कोण? निघताना मी सहज विचारलं, "दिवाळीचं त्या घरात काय दिलंस?"

"फार काही नाही. वैदेहीला कुर्ता, आणि काकूंना एक नॉनस्टिक तवा. त्यांच्या मनगटात आता जोर नाही ना, तो लोखंडी तवा उचलवत नाही. इतक्या वर्षांत त्या घरात एकही नॉनस्टिक भांडं नाही, मला नवलच वाटलं."

मला नवल वाटलं नाही. करपलेलं भांडं, घोषाल म्हणाले होते.

४

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, मी गार्डन रीचला गेले तेव्हा वैदेही बॅग भरत होती. संध्याकाळची गाडी होती. मी "चहा मीच करते" म्हणून स्वयंपाकघरात शिरले आणि दार लोटून घेतलं.

गॅसवर जुना लोखंडी तवा होता. नवा तवा सापडला खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दोन दिवसांपूर्वी दिलेली वस्तू ती, आणि मधोमध काळ्या लेपाला फोड आलेले, राखाडी पापुद्रे सुटलेले. त्या पापुद्र्यांत मिठाचे खडे चिकटले होते, आणि दोन-तीन जळक्या मोहऱ्या.

मीठ आणि मोहऱ्या. मराठी घरात वाढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं!

मी कालिंदीकाकूंच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसून जपमाळ ओढत होत्या. मी दोनदा हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला.

"अगं, सुधा! मशीन काढून ठेवलंय कानातलं. फटाके लागले की डोक्यात सुतळी बॉम्ब फुटतात. परवापासून तसंच आहे."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काकू, लक्ष्मीपूजनाला तुम्ही पंतांची दृष्ट काढलीत ना?"

त्यांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. "सांगायचं नसतं गं. सांगितली की उतरलेली परत चढते." मग बोट खाली आलं. "पण आता काय चढायचंय आणि कशावर."

त्यांनी सगळं सांगितलं. माणसांनी भरलेलं घर, जो तो "अगबाई, केवढा गुणी" म्हणतोय. यांच्या मनात चर्र झालं. माणसं खाली गेली, अनुजाही गेली, तशा या उठल्या. मूठभर मीठमोहऱ्या घेतल्या, शाल वर करून पिंजऱ्यावरून उतरवल्या. पंत म्हणाले, "आई, चहा टाकू?" यांनी उत्तर दिलं नाही, कारण दृष्ट काढताना बोलायचं नसतं. शाल परत खाली केली, बाहेर सुतळी बॉम्ब लागले तसं दुसऱ्या हातानं कानातलं मशीन काढलं, आणि गॅसवर नवा तवा ठेवून त्यावर मूठ उपडी केली.

"पूर्वी निखारे असायचे, टाकलं की तडतड. इथे तव्यावरच करते मी. पण त्या दिवशी तडतड ऐकूच येईना. तडतडत नाही म्हणजे दृष्ट जबरी. मी गॅस मोठा केला. तरी नाही. म्हटलं राहू दे अजून. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी कोळसा झाला, तसा कागदात घेतला आणि जिन्याखाली टाकून आले. येताना मागे वळून बघायचं नसतं, पिंजऱ्याकडेही नाही. सरळ खोलीत येऊन जप करत बसले." त्या थांबल्या. "अनुजाला वाईट वाटेल म्हणून तो तवा लपवलाय. नवाकोरा, आणि माझ्या हातून जळला."

त्या माझा हात धरून म्हणाल्या, "सुधा, एकदा काढून भागलं नाही का गं? पुन्हा एकदा काढायला हवी होती का? माझी सून दुसऱ्यांदा गेली बघ. या वेळी तर मी घरात होते."

हयातभर मी खोटे दावे पकडले. या बाईला खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. "नाही काकू," मी त्यांच्या कानात म्हटलं. "तुम्ही पुष्कळ केलंत."

५

वैदेहीला मात्र सांगणं भाग होतं. तिनं एका निरपराध बाईला फासावर चढवलं होतं. मी तिला कॉलनीच्या मागच्या बाजूला, नदीकाठच्या बाकावर घेऊन गेले. पलीकडे फेरीबोट निघाली होती. वैदेहीच्या मुठीत पंतांचं एक लाल पीस होतं.

मी एकेक सांगत गेले. त्या काळ्या लेपाचा तवा रिकामा फार तापला की त्यातून जी हवा सुटते, ती माणसाला जाणवतही नाही, पण पाखराला तिथल्या तिथे मारते. मीठमोहऱ्यांनी काय तवा भरतो! प्राजक्ताला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं असलं भांडं घरात येऊ दिलं नाही. पण का, हे कुणी तिला कधी विचारलं नाही, आणि जाताना तिला सांगायचं सुचलं नाही. एवढ्या दुखण्यात तव्याचं कुणाला सुचतं?

"तडतड झालीच असणार. पण आजीच्या कानात मशीन नव्हतं आणि बाहेर फटाके. तिला ऐकू आलं नाही, म्हणून ती गॅस मोठा करत गेली."

वैदेहीचा चेहरा पांढरा पडला. मी जे बोलायचं टाळत होते तिथे ती आपणहून पोचली होती.

"खिडक्या मी बंद केल्या," ती म्हणाली. "एक्झॉस्टमधे उशी मी टाकली. पिंजरा किचनजवळ मी आणला."

"फटाक्यांपासून वाचवायला आणलास, बाळा."

"तवा अनुजानं दिला. आजीचं मनगट दुखतं म्हणून. आणि आजीनं..." तिनं पीस गालाला लावलं. "सगळ्यांनी पंतांसाठी, नाहीतर आजीसाठीच केलं ना मावशी? मग मी रागवू कोणावर?"

मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी तिथे पोटभर रडलो. एक म्हातारा मच्छीमार जाळं खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिला.

उठताना तिनं विचारलं, "आजीला माहितीये?"

"नाही."

"अनुजाला? तवा तिचा होता हे?"

"नाही. तुला आणि मला, दोघींनाच."

ती नाक पुसत म्हणाली, "मग बाबा म्हणतात तेच. फटाके. हार्ट." आणि जरा थांबून, "तो तवा तुम्ही घेऊन जा. प्लीज."

६

दुपारी अनुजा आली. घराची किल्ली परत द्यायला आली होती. दार सलीलनं उघडलं आणि ती बाहेरच उभी राहिली. वैदेही पुढे झाली. "आत या ना," म्हणाली. "डॉक्टरांशी मावशी बोलल्या. तुमचं काही नव्हतं. मी... सॉरी." सलीलनं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवली. विम्याच्या कागदावर मी असा खोटा शेरा कधी मारला नव्हता.

निघायच्या वेळी काकूंनी नातीला पाटावर बसवलं. लांब चाललेल्या पोरीची दृष्ट काढल्याशिवाय त्या कशा राहतील? मूठ मिटून त्यांनी तिच्यावरून उतरवली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग स्वयंपाकघरात गेल्या, दोन्ही हातांनी लोखंडी तवा सावरला, गॅस लावला, मूठ उपडी केली.

वैदेही पाटावरून उठून दाराशी आली. जिथे परवा पिंजरा होता, तिथे. हलकेच म्हणाली, "अनुजामावशी, तेवढा एक्झॉस्ट लावता का?" अनुजानं भोकातली उशी ओढून काढली आणि पंखा चालू केला.

मोहऱ्या चटचट उडायला लागल्या. मीठ तडतडलं. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. काकू मात्र तव्यावर वाकून, कान जवळ नेऊन वाट बघत होत्या. त्यांचा हात गॅसच्या बटणाकडे गेला.

दृष्ट काढताना बोलायचं नसतं. वैदेहीनं आजीचा हात धरला, बटण बंद केलं, आणि तिच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "आजी, तडतडलं. झालं."

काकूंचा चेहरा एकदम सैल पडला. "तडतडलं ना? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी असं सांगायला कुणी नव्हतं बघ जवळ."

वैदेहीनं ओठ गच्च मिटून घेतले. अनुजा काही न समजता तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि वैदेहीनं तो हात झटकला नाही.

मग बॅग उचलली गेली. सलील टॅक्सी थांबवायला पुढे गेला. काकू कागदाची पुडी जिन्याखाली टाकून आल्या आणि रीतीप्रमाणे नातीकडे न बघता सरळ आपल्या खोलीत गेल्या. निदान तिचं निघणं ऐकू यावं म्हणून मशीन कानात घालून जपाला बसल्या. माझ्या पिशवीत तळाशी तो तवा होता, पेपरात गुंडाळलेला.

वैदेहीनं कडी काढली. कडी वाजली, आणि आम्ही सगळे नकळत क्षणभर गप्प झालो, कुणीतरी काही म्हणेल म्हणून. घर गप्पच राहिलं.

ती अर्धा जिना उतरली. वळणावर थांबली आणि मागे वळून पाहिलं.

"तुळशीच्या लग्नाआधी परत आहे मी," ती म्हणाली. मग तिच्या आईच्या आवाजात, तिला स्वतःलाही न कळता, "येते हं."

खोलीतून काकूंची जपमाळ थांबलेली मी ऐकली.